उतारावरची काठी



स्पेन देशात सांतियागो दे कोंपोस्तेला येथे जाणारी जुनी यात्रावाट आहे. फ्रान्समधील सँ-झाँ-पिए-द-पोर गावापासून ती सुमारे 780 किलोमीटर भरते. आरंभीच पिरेनीज पर्वत ओलांडावा लागतो. चढण दमवते, पण गुडघे दुखतात ते उतरणीवर. म्हणून पुष्कळ यात्रेकरू दोन काठ्या बाळगतात. उतारावर त्या थोड्या लांब करून पुढे टेकल्या, म्हणजे गुडघ्यांचा काही भार हात उचलतात.

काठी दुबळ्यांसाठी, असे आपणांस वाटते. परंतु प्रभूने बारा शिष्यांना पाठविताना भाकर, झोळी, पैसा घेऊ दिला नाही. काठी मात्र घेऊ दिली (मार्क 6:8).

चालण्याने तारण मिळत नाही. ते कृपेनेच आहे. तरी तारण पावलेल्यांनाही उतरण चुकत नाही. आजार, कर्ज, घरातील बेबनाव आला की आपण मंडळीपासून तोंड लपवितो. आमच्यासाठी प्रार्थना करा, असे म्हणावयास लाजतो. हा विश्वास नव्हे, अभिमान आहे. देव पुष्कळदा आपली काठी बंधूच्या हाताने पाठवितो.

या आठवड्यात आपण एकाजवळ तरी आपला भार उघड करू या, आणि एकाची तरी काठी होऊ या.