टाचणी आण इकडे

उभा राहा. नको, बस, टाके ताजे आहेत तुझे. पण मान वर करून ऐक.

पोटाला लावलेल्या पिशवीला टाचणी टोचायची अक्कल कोणाची? गॅसने फुगली म्हणून भोक पाडलंस, आणि घरभर वास सुटला म्हणून बायकोवर खेकसलास. अरे, हवा सोडायची तर संडासात जाऊन पिशवीचं खालचं तोंड उघडता येतं! वर कोळशाचा फिल्टरही असतो, हवा सोडणारा आणि वास अडवणारा. तो भिजला की कामातून जातो. अंघोळीआधी त्यावर लावायच्या चिकट टिकल्या पाकिटात होत्या. कुठे आहेत? केरात!

आणि गॅस नको म्हणून सकाळचं जेवण बंद? कोणत्या पंडिताने सांगितलं? रिकामं आतडं जास्तच गुरगुरतं. थोडं थोडं खा, पण वेळेवर. दुपारी मात्र भकाभका गिळायचं, वर सोडा, मध्ये फोनवर गप्पा. घासाबरोबर गिळलेली हवा जाणार कुठे? शाळेत डबाही असाच खायचास. तेव्हा निदान हवा रोखून धरायला स्नायू होता. स्टोमाला, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला, तो नाही. स्टोमा तुझ्या मर्जीने बंद होत नाही, त्याच्यावर चिडून काय उपयोग?

कोबी, फ्लॉवर, मुळा, उसळी एकेक करून खाऊन बघ आणि वहीत लिही. मला चवळी सोसते, मुळा नाही. तुझं उलटं असेल. मका, ओलं खोबरं, शेंगदाणे मात्र न चावता गिळलेस तर गॅस राहिला बाजूला, आतडंच तुंबेल. पोटात कळा आणि काही तास पिशवी कोरडी, असं झालं तर तडक दवाखाना. ओव्याचा काढा उकळत बसायचं नाही!

तिसरा हिस्सा भरली की पिशवी रिकामी करायची. झोपण्याआधी एकदा करायची, आणि रात्री फुगत असेल तर गजर लावून उठायचं.

हसतोस काय? बाईंना काय ठाऊक, असंच ना? दहावीला तुम्हाला भूमिती शिकवत होते तेव्हा हीच पिशवी माझ्या पोटाला होती. हजेरीपट पोटाशी दाबून वर्गभर फिरायचे, ती तुम्हाला शिस्त वाटायची. आवाज दाबत होते मी, गाढवा. वर्षभरात एकाला तरी कळलं?

आण ती टाचणी इकडे.