करुणा आणि गणना

वैद्यास रोगी एकटा दिसतो. संख्याशास्त्रज्ञास तोच शेंकडोंतील एक दिसतो. यावरून पुष्कळांचा असा ग्रह होतो, कीं वैद्यकांत शिरलेला हा गणिती दयाशून्य असावा. हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाहीं.

कात्रपहून बदलापूर स्थानकावर येऊन रोज मुंबईची गाडी गांठणाऱ्या मंडळींस भायखळा ओळखीचें आहे. १८९७ च्या जानेवारीअखेर तेथील तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां हाफकिन यांनीं आपली नवी लस स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांस टोंचली. ती त्यांनीं आधीं स्वतःस टोंचून घेतली होतीच. पुढील कांहीं दिवसांत न टोंचलेल्यांपैकीं १२ जण आजारी पडून ६ मेले. टोंचलेल्यांपैकीं, त्याच दिवशीं आजारी पडलेले वगळतां, दोघे आजारी पडले, पण मेला कोणीच नाहीं. सामान्य माणूस येथेंच समाधान पावेल. संख्याशास्त्रज्ञ मात्र विचारील: आपण होऊन पुढें येणारे मुळांतच अधिक धट्टेकट्टे वा सावध नसतील कशावरून? आणि त्या दिवशींचे आजारी कोणत्या न्यायानें वगळले?

१८९८ सालीं बडोदें संस्थानांतील उंडेरा गांवीं, दोन्ही पक्षांची परिस्थिति सारखी असावी म्हणून, एकेका कुटुंबांतील सुमारें निम्मींच माणसें टोंचण्यांत आलीं. ज्या घरांत पुढें प्लेग आला, तेथील टोंचलेल्या ७१ जणांपैकीं ३ दगावले. न टोंचलेल्या ६४ जणांपैकीं २६. पुरावा बळकट झाला खरा. पण त्या सव्वीसांचा जाब कोणी द्यावयाचा?

आमच्या मतें, औषधाचा गुण जोंपर्यंत खरोखरच अज्ञात आहे, तोंपर्यंत निम्म्यांस तें न देणें हा अन्याय नव्हे; कारण त्यांत अपायही असूं शकतो. गुण सिद्ध झाल्यावर तें रोखून धरणें मात्र पाप होय. भायखळ्यानंतर तें अज्ञान कितपत उरलें होतें, हाच उंडेऱ्याचा खरा प्रश्न.

म्हणून गणितज्ञाचें कर्तव्य दुहेरी आहे. शक्य तितक्या थोड्या माणसांकडून निःसंशय उत्तर मिळेल अशी मांडणी त्यानें प्रयोगापूर्वींच करावी. आणि उत्तर हातीं येतांच थांबण्याची सूचनाही त्यानेंच प्रथम द्यावी. आज मोठ्या प्रयोगांवर स्वतंत्र समिति नेमतात आणि मध्येंच आंकडे पाहून ती प्रयोग थांबवूं शकते, तें याचसाठीं. भायखळ्यासच कैद्यांची वांटणी निःपक्षपातानें झाली असती, तर तोच प्रश्न उंडेऱ्याच्या घराघरांतून पुन्हा विचारावा लागला नसता. सदोष गणनेचें मोल असें दुसऱ्या गांवास द्यावें लागतें.