नाव एकाचे, बोली दुसऱ्याची

वसईच्या पश्चिम पट्ट्यात निर्मळ, भुईगावच्या आसपास कादोडी बोलली जाते. ही बोली सामवेदी ब्राह्मणांची आहे आणि स्वतःला कुपारी म्हणवणाऱ्या सामवेदी ख्रिस्ती समाजाचीही आहे. ‘कुपारी’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, ‘सामवेदी’ हा वेदशाखेचे नाव सांगतो, आणि ज्या बोलीत हे दोन्ही शब्द उच्चारले जातात ती मराठीच्या कुळातली आहे. वाडवळांतही हेच दिसते. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि वाडवळी दोघांची आहे. तरीही या भूमीचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा एकच प्रश्न पुढे करतो : हे लोक मूळचे कोण, कुठून आले? माझ्या मते प्रश्नाची ही मांडणीच चुकीची आहे. समाजाचे नाव, बोली आणि धर्म यांचा प्रवास एकत्र होत नाही. त्यांपैकी एकाचा माग काढून बाकी दोहोंचे मूळ सापडले असे मानणे म्हणजे पुराव्यावर अन्याय करणे आहे.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण युरोपच्या मध्ययुगात मिळते, बल्गारांच्या रूपाने. तुर्की कुळातली भाषा बोलणाऱ्या या घोडेस्वार टोळ्यांनी अस्पारुखच्या नेतृत्वाखाली डॅन्यूब ओलांडली आणि 681 मध्ये बायझंटाईन सम्राटाला त्यांच्याशी तह करावा लागला. राज्य त्यांचे झाले, पण शेते कसणारी बहुसंख्य प्रजा स्लाव होती. पुढे राजा बोरिसने 864 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 886 मध्ये सिरिल आणि मेथोडियस या ख्रिस्ती धर्मप्रचारकांचे शिष्य आश्रयाला आले, तेव्हा त्यांना त्याने स्लाव भाषेतून शिकवण्याचे काम दिले, आणि ग्रीक उपासनेच्या जागी ती भाषा देवळात आली. जेत्यांची बोली प्रजेच्या बोलीत विरून गेली. उरले ते त्यांचे नाव, आणि ते आज एका स्लाव भाषेचे व देशाचे नाव आहे. बल्गारांचीच दुसरी शाखा व्होल्गाकाठी गेली. तिथल्या राजाकडे बगदादच्या खलिफाच्या वकिलातीतून इब्न फदलान 922 मध्ये पोचला आणि ते राज्य इस्लामी जगाशी जोडले गेले. 1236 मध्ये मंगोलांनी ते बुडवले. त्या जुन्या भाषेची सर्वांत जवळची आप्त असलेली चुवाश भाषा व्होल्गाकाठी अजून जिवंत आहे, मात्र ती बोलणारे बहुतेक लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. खरा बल्गार यांतला कोणता, याला उत्तर नाही. ते नाव दोघांनीही आपापल्या परीने खरे केले.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. राजवाड्यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त बिंब राजा पैठण-चांपानेरकडून सहासष्ट कुळे घेऊन उत्तर कोकणात उतरतो, आणि आजही अनेक जाती आपली वंशावळ तिथपर्यंत नेतात. बल्गार खानांची जी नामावली उरली आहे तिच्यात पहिला पूर्वज 300 वर्षे जगतो आणि दुसरा 150. दोन्ही ग्रंथांत आकडे आणि काळ तपासणे आवश्यक आहेच. पण त्याहून बोलके आहे ते त्यामागचे गरजेचे गणित. नव्या भूमीवर अधिकार सांगायचा तर कुणीतरी थोर आपल्याला इथे घेऊन आला, असे सांगावे लागते. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवले, म्हणजे राज्य ठाण्याच्या किनाऱ्यावर आणि अभिमान दूरच्या तगराचा, आजच्या तेरचा. आणि आपल्याच मातीतली स्मृती किती डळमळीत असू शकते, तेही सोपाऱ्यात दिसते. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी जो बौद्ध स्तूप उघड केला, तो लोकांच्या तोंडी ‘बुरूड राजाचा कोट’ होता. याउलट चिंचणीचा 926 चा राष्ट्रकूट ताम्रपट पाहा. त्यात संजाणचा प्रदेश सांभाळणारा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब कुळातला मुसलमान आहे आणि तो देवीच्या मठिकेसाठी जमीन देतो. इब्न फदलान व्होल्गाकाठी होता त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. बखरीतल्या नीटनेटक्या वंशावळींपेक्षा हा एक ताम्रपट मला मध्ययुगाचे अधिक खरे चित्र वाटतो.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. वसईतले धर्मांतर राजाच्या निवडीने नव्हे, परक्या सत्तेच्या छायेत झाले. 1534 पासून दोनशे वर्षे इथे पोर्तुगीज होते, देवळे पडली, आणि 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. मग बोरिसशी तुलना कशी करायची? हा भेद मला मान्य आहे, आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण बोरिसचा मार्गही निष्कलंक नव्हता. नव्या धर्माविरुद्ध उठलेल्या 52 सरदारांना त्याने कुटुंबासह मारले. जबरदस्ती झाली म्हणून नंतरच्या पिढ्यांची श्रद्धा खोटी ठरत नाही. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, तरी इथली चर्चे राहिली, ही माणसे राहिली. तेव्हा त्यांना धर्माला धरून राहण्यासाठी मागे कोणतीही सत्ता नव्हती.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो : ओळख घडवलेली असेल, तर ती नकली आहे आणि तिच्यावर हक्क सांगण्यात अर्थ नाही. माझे म्हणणे नेमके विरुद्ध आहे. मूळचे असण्याने नव्हे, तर शतकानुशतके जगल्याने ओळख खरी होते. म्हणूनच पहिली कुळे कोणती, या वादापेक्षा कादोडीची चिंता अधिक तातडीची आहे. शेतीवाडी विकली जाते, मुले दुसऱ्या भाषांत शिकतात, नवी वस्ती सर्व बाजूंनी येते. जातीचे नाव टिकेल, आडनाव टिकेल, सणही टिकतील. बोली मात्र दोन पिढ्यांत गप्प होऊ शकते. बल्गार खानांच्या त्या नामावलीत सगळा मजकूर स्लाव भाषेत आहे. फक्त प्रत्येक राजाच्या नावापुढे, प्राण्यांवरून पडलेली वर्षांची जुनी तुर्की नावे तशीच आहेत. त्यांचा अर्थ लावण्यासाठी विद्वानांना शेजारच्या भाषा पालथ्या घालाव्या लागल्या, कारण ज्या लोकांच्या घरात ती नावे रोज घेतली जात होती, त्यांची बोली फारशी कुणी लिहून ठेवली नव्हती.