अडखळणाऱ्याचा मोबदला



ज्या मुलाला वाचता येत नाही, तो गुन्हेगार आहे काय? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु अनेक घरांत त्याचा निवाडा रोज होतो आणि तो मुलाच्या विरुद्ध होतो. 'आळशी', 'ढ', 'लक्षच देत नाही' असे शिक्के त्याच्यावर बसतात.

आपल्या मुलांना शाळेत देवनागरी व रोमन आणि मक्तबमध्ये अरबी अशा तीन लिप्या शिकाव्या लागतात. अरबी उजवीकडून डावीकडे जाते. तिच्या काही अक्षरांत केवळ नुक्त्यांचा फरक असतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची बुद्धी शाबूत असते, परंतु अक्षर व ध्वनी यांची सांगड त्याला सहज घालता येत नाही. तो वाचताना अडखळतो, वर्ग हसतो. मग शाळेच्या वेळेस त्याचे पोट दुखू लागते, तो वही लपवतो, खोड्या काढतो. कारण मूर्ख ठरण्यापेक्षा खोडकर ठरणे त्याला कमी बोचते. हळूहळू मित्र दुरावतात आणि तो स्वतःलाच नालायक समजू लागतो.

सूरह अल्-बकराच्या अखेरच्या आयतीची शिकवण अशी, की अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही. सूरह अल्-हुजुरातमध्ये थट्टा करण्यास व वाईट नावे ठेवण्यास मनाई आहे. समोर मूल आहे म्हणून ती शिथिल होत नाही. आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसनुसार, जो कुरआन अडखळत, कष्टाने पढतो त्याला दुहेरी मोबदला आहे. एक पठणाचा, दुसरा कष्टाचा, असे विद्वानांनी स्पष्ट केले आहे. ज्या अडखळण्याला अल्लाहकडे मोबदला आहे, त्याला आपण छडी कोणत्या अधिकाराने द्यावी?

कोणी म्हणेल, मग मुलाला मोकळे सोडावे काय? मुळीच नाही. हजरत मूसा (अलै.) यांनी जिभेची गाठ सुटावी अशी दुआ केली आणि भाऊ हारून (अलै.) यांची सोबत मागितली. फिरऔनकडे जाण्याची जबाबदारी टळली नाही. ती पेलण्यासाठी साहाय्य मिळाले. मुलालाही असेच साहाय्य हवे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. 'लोक काय म्हणतील' या भीतीने तपासणी टाळणे म्हणजे मुलाचा हक्क बुडवणे होय.

उस्तादांनी अशा मुलाचा सबक सर्वांसमोर न घेता जवळ बसवून ऐकावा. आई-वडिलांनी भावंडांशी तुलना थांबवावी आणि त्याने आज वाचलेल्या एका ओळीचेही कौतुक करावे. मूल ही अमानत आहे आणि तिच्याविषयी आपल्याला जाब द्यावा लागणार आहे. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.