तालीममास्तराची सत्ता

जुन्या नाटक मंडळ्यांत तालीममास्तर असे. त्याला पदवी कोणी विचारीत नसे. १९५९ साली दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले. १९६२ पासून १९७७ पर्यंत इब्राहिम अल्काझींनी त्याला शिस्त लावली, आणि दिग्दर्शन हा तीन वर्षांच्या अभ्यासाचा विषय झाला. तिथे प्रवेशालाच पदवी लागते. माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराने दारातूनच नमस्कार करावा. तरी या शिक्षणाची मी थट्टा करणार नाही. संहिता वाचणे, नेपथ्य, प्रकाशयोजना ही शिकूनच येतात.

प्रश्न निराळा आहे. दुसऱ्याच्या देहावर, आवाजावर सत्ता कशी चालवावी, हे कोण शिकवणार? आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकात एक मुलगा एका वाक्याशी थबकत असे. मी सर्वांदेखत त्याच्याकडून ते वीस वेळा म्हणवून घेतले. प्रयोगात त्याने ते हुबेहूब माझ्यासारखे म्हटले, टाळ्या पडल्या. पुन्हा तो कधी रंगमंचावर आला नाही. ते थबकणे त्या पात्राचेच होते, हे मला फार उशिरा उमगले.

दिग्दर्शकाची चूक प्रेक्षकांना दिसत नाही. ती नट सोसतो. म्हणून वाटते, दिग्दर्शकाला पदवी देण्याआधी त्याच्या नटांना एकच विचारावे : याच्या तालमीला पुन्हा याल का?