तितिक्षा आणि हट्ट

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात भगवंतांनी अर्जुनाला तितिक्षेचा उपदेश केला आहे. इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की शीत-उष्ण, सुख-दुःख उत्पन्न होतात. ती येतात आणि जातात, टिकत नाहीत. म्हणून ती सोसावीत, असा त्याचा भाव. हा श्लोक पाठ करणे सोपे. परंतु खरी तितिक्षा ओळखणे किती अवघड, याचा प्रत्यय आम्हांस एका आषाढात बालवीरांच्या पथकाबरोबर चालताना आला.

एका शाळेच्या स्काउट पथकातील २४ मुले आपल्या गुरुजींबरोबर लोणावळ्याहून राजमाचीस पायी निघाली होती. वाट सुमारे १५ किलोमीटरांची. आदल्या रात्री मुक्कामी गुरुजींनी हाच श्लोक मुलांना समजावला होता. सकाळी त्याची परीक्षा सुरू झाली. तुंगार्ली मागे पडते न पडते तोच धुके उतरले आणि पाऊस आडवा झोडपू लागला. गळपट्टे मानेला चिकटले, बूट चिखलाने जड झाले, शिदोरी भिजली. तरी कोणी कुरकुरले नाही. आठ-आठ जणांच्या तीन टोळ्या होत्या. प्रत्येकीत सर्वांत सावकाश चालणारा पुढे आणि बाकीचे त्याच्या चालीने मागे. एका लहानग्याचे ओझे दोघांनी न सांगता वाटून घेतले. ही तितिक्षाच होती.

पुढे एक ओढा आडवा आला. पाणी गढूळ झाले होते, फांद्या वाहत येत होत्या, तळाशी दगड गडगडत होते. गुरुजींनी काठी टेकवून पाहिली. पाणी गुडघ्याच्या वर होते. इतके वेगवान पाणी मोठ्या माणसाचेही पाय उचलते. ते क्षणभर स्तब्ध राहिले आणि म्हणाले, "परत फिरायचे."

एक टोळीनायक पुढे झाला. "गुरुजी, काल तुम्हीच सांगितलेत की पाऊस सोसायचा. मग आज का भ्यायचे?"

गुरुजी म्हणाले, "बाळ, पाऊस तुझ्या अंगावर पडतो, तो तू सोस. पण हा प्रवाह तुझ्या मागच्या लहानग्याला ओढून नेईल. ते कोणी सोसायचे? त्याच्या आईने?"

मुलगा खाली मान घालून मागे वळला. परतताना गुरुजी आम्हांस हळूच म्हणाले, "मागच्या वर्षीचे पथक गडावर पोहोचले होते. यंदाही पोहोचू, असे मी चारचौघांत सांगून बसलो होतो. काठी धरलेला हात थरथरला, तो पाण्याच्या भयाने नव्हे. लोक काय म्हणतील, या भयाने."

सज्जनहो, या कबुलीत साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. परिणाम, हानी, दुसऱ्यास होणारी इजा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेल्या कर्मास भगवंतांनी अठराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. त्याच अध्यायात, केव्हा प्रवृत्त व्हावे आणि केव्हा निवृत्त व्हावे, कशाचे भय धरावे आणि कशाचे धरू नये, हे जाणणारी बुद्धी सात्त्विक, असेही सांगितले आहे. ओढ्यात पाय घातला असता तर त्यास धैर्य म्हटले गेले असते. परंतु ते होते अहंकाराचे दास्य.

येथे कोणी विचारील, मागे फिरू पाहणाऱ्या अर्जुनास तर भगवंतांनी दोष दिला. मग या गुरुजींस का देऊ नये? अर्जुन मोहाने आपले कर्तव्य टाकून निघाला होता. गुरुजींचे कर्तव्य गड गाठणे हे नव्हते. सोपविलेली मुले सुखरूप घरी पोहोचविणे हे होते. त्यांचे मागे फिरणे हेच त्यांचे कर्तव्यपालन होते. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर भरविलेल्या शिबिरापासून वाढलेल्या स्काउट चळवळीचे ब्रीद 'तयार राहा' हे आहे. त्या तयारीत परत फिरण्याची तयारीही येते.

आपल्या संसारातही असे ओढे पदोपदी लागतात. कोणी औषध न घेता दुखणे अंगावर काढतो आणि त्यास सहनशीलता म्हणतो. शुश्रूषेचा भार मात्र घरच्यांवर पडतो. कोणी शब्द खाली पडू नये म्हणून ऐपतीबाहेर खर्च करतो आणि कर्ज मुलांच्या माथी ठेवतो. अशा वेळी मनास दोनच प्रश्न पुसावेत: हे दुःख सोसणार कोण? आणि ते सोसून राखले जाणार काय, कर्तव्य की माझा मान? सोसणारा मी आणि राखावयाचे कर्तव्य असेल, तर खुशाल भिजावे. सोसणारा दुसरा आणि राखावयाचा माझा मान असेल, तर काठावरूनच परतावे.

मुले संध्याकाळी लोणावळ्यास पोहोचली, तेव्हाही पाऊस पडतच होता. तो टोळीनायक सर्वांत मागे, त्या लहानग्याचा हात धरून चालत होता.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥