मुलाच्या नमुन्यावर हक्क कोणाचा?

लखनौच्या कुर्सी रोडवर, गुडंबा भागात, उत्तर प्रदेश सरकारचे गुरू गोविंद सिंह स्पोर्ट्स कॉलेज आहे. स्थापना १९७५ ची. नाव कॉलेजचे असले तरी मुले इथे सहावीत दाखल होतात. घर सोडून वसतिगृहात येतात. वर्ग, मेस, मैदान आणि झोपायची खाट, सारे एकाच आवारात. क्रिकेटपटू सुरेश रैना मुरादनगरहून इथेच आला आणि इथूनच पुढे गेला. त्याच्यानंतर आलेल्या कितीतरी मुलांच्या घरच्यांसाठी ही जागा म्हणजे शिक्षणाची सोय, दोन वेळचे चांगले जेवण आणि पुढेमागे रेल्वेत किंवा पोलिसात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची आशा असते.

अशा एखाद्या मुलापुढे उद्या कागद ठेवला, की संघात राहायचे असेल तर मागू तेव्हा लघवीचा नमुना द्यावा लागेल, तर तो काय करील? सही करील. वडीलही करतील. नकार द्यायचा म्हणजे ट्रंक भरून गावी परतायचे. किशोरवयीन मुलांच्या नशाचाचणीचे समर्थन करताना ‘सहभाग ऐच्छिक आहे, संमती घेतलेली आहे’ असे म्हटले जाते. ज्या सहीमागे मुलाचे सगळे भवितव्य पणाला लागलेले असते, तिला संमती म्हणणे कठीण आहे.

इथे दोन चाचण्यांची सरमिसळ होते. खेळाडूने ताकद वाढवायला स्टेरॉइड घेतले का, हे पाहणारी एक. मुलाने गांजा किंवा अफूजन्य पदार्थ घेतला का, हे पाहणारी दुसरी. पहिलीची भारतात नितांत गरज आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खेलो इंडिया शालेय स्पर्धेतच बारा खेळाडू दोषी आढळले. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्ली राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत ‘नाडा’चे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, अधिकारी आल्याची कुणकुण लागली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उरला. स्टीपलचेस धावणारी एक कनिष्ठ गटातली मुलगी अंतिम रेषा ओलांडल्यावरही थांबली नाही. अधिकारी तिच्या मागे धावत राहिले. स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज सापडल्या. त्या वर्षी भारतातून तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत इतके प्रमाण दुसऱ्या कुठल्याच देशाचे नव्हते.

पण धावत राहिलेल्या त्या मुलीला सिरिंज कोणी आणून दिली असेल, हा प्रश्न बातम्यांमध्ये फारसा विचारला गेला नाही.

उत्तेजकांच्या या चाचणीत मुलांसाठी काही कवच आहे. जागतिक नियमांनुसार सोळा वर्षांखालील खेळाडू ‘संरक्षित व्यक्ती’ ठरतो. त्याला चाचणीची सूचना प्रौढ व्यक्तीच्या उपस्थितीत दिली जावी, नमुना देताना त्याच्या बाजूचा माणूस बरोबर असावा, असे नियम सांगतात. हा माणूस मुलाकडे पाहत नाही. मुलाकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्यावर त्याची नजर असते. अधिकारी मुलाच्याच लिंगाचा असावा लागतो. नमुना दोन बाटल्यांत सीलबंद होतो, म्हणजे पहिलीचा निकाल मान्य नसल्यास दुसरी उघडून घेता येते. अल्पवयीन दोषी ठरला तरी त्याचे नाव जाहीर करणे सक्तीचे नाही. नमुना देणे कोवळ्या वयात लाजिरवाणेच असते. निदान ती लाज कोणाकोणासमोर आणि किती, याची मर्यादा इथे आखलेली आहे.

शाळेने स्वतःहून सुरू केलेल्या नशाचाचणीत अशी मर्यादा कोण आखणार? अमेरिकेचा अनुभव यासाठी पाहण्यासारखा आहे. ऑरेगन राज्यातल्या व्हर्नोनिया या लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावात सातवीतल्या जेम्स अॅक्टनला फुटबॉल खेळायचा होता. त्याच्या आईवडिलांनी चाचणीच्या कागदावर सही केली नाही. १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. खेळाडू एकत्र कपडे बदलतात, त्यांची खासगीपणाची अपेक्षा तशीही कमी असते, हा त्यातला एक युक्तिवाद. सात वर्षांनी ओक्लाहोमातल्या टेकम्से गावची लिंडसे अर्ल्स न्यायालयात आली. ती गाण्याच्या चमूत होती. शिक्षिका स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर उभी राहून आवाज ऐकणार, अशी तिथली पद्धत. लिंडसेचा निकाल निर्दोष आला होता. तिचा आक्षेप चाचणीलाच होता. २००२ मध्ये ती पाच विरुद्ध चार मतांनी हरली.

मैदानातून चाचणी गायनवर्गात शिरायला सात वर्षे पुरली. लखनौत याचा अर्थ काय होईल? याच शहरात विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज उभे राहिले, आणि श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते दीर्घकाळ सांभाळले. आज ते भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. यमन शिकायला आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे नमुना मागायचा, तर तिच्यावर संशय घ्यायला कारण काय? कारण नसणे हेच अशा सरसकट चाचणीचे वैशिष्ट्य असते.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो मर्यादित करायचा तर त्यामागे कायदा हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. सरकारी शाळेला हे थेट लागू पडते. मुख्याध्यापकांचे परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. हेतू चांगला आहे, हे मान्य. मुलांना अमली पदार्थांपासून वाचवण्याचे बंधन संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातच आहे, आणि त्याच करारात मुलाच्या खासगीपणाचेही रक्षण आहे. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. गाडी अडते ती तिसऱ्या कसोटीपाशी.

एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते १७ वयोगटातली १.१७ टक्के मुले हुंगण्याच्या द्रव्यांची नशा करतात. प्रौढांत हे प्रमाण ०.५८ टक्के, म्हणजे निम्मे. मदतीची गरज असलेली अशी मुले ज्या राज्यांत सर्वाधिक आहेत, त्यांत उत्तर प्रदेश आहे आणि महाराष्ट्रही. पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर रुमालावर घेऊन हुंगणारा मुलगा लघवीच्या नेहमीच्या पट्टीवर स्वच्छ निघतो. गांजा मात्र नेमाने घेणाऱ्याच्या लघवीत कित्येक दिवस, कधी आठवडे सापडतो. थोडक्यात, मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त पसरलेली नशा या चाचणीला दिसत नाही. उलट खसखस खाल्ल्याने लघवीत मॉर्फीन दिसू शकते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२३ मध्ये सैनिकांना खसखस टाळण्याची सूचना दिली होती. दिवाळीत अनारसे खाऊन वसतिगृहात परतलेल्या मुलाने हे कोणाला समजावून सांगायचे?

चाचणीच्या धाकाने तरी नशा कमी होते का? मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये शेकडो अमेरिकी शाळांची तुलना केली. चाचणी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या शाळांतल्या मुलांच्या नशेत लक्षणीय फरक सापडला नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही शाळांतल्या अशा सरसकट चाचण्यांना पाठिंबा दिलेला नाही. धोक्याच्या काठावरचे मूल ज्या खेळामुळे, ज्या गाण्यामुळे सावरले असते, तोच खेळ, तेच गाणे ते चाचणीला घाबरून सोडते, ही भीती अमेरिकेच्या न्यायालयात विरोधी मत देणाऱ्यांनीही मांडली होती.

सगळ्यात नाजूक बाब म्हणजे निकालाचा कागद. टेकम्सेत तो पोलिसांकडे जाणार नव्हता; फार तर मूल संघाबाहेर गेले असते. बहुमताने शाळेच्या बाजूने कौल देताना यावर भर दिला. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या २७ व्या कलमाखाली अमली पदार्थाचे सेवन हाच गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि त्याची ओळख उघड करायला बंदी आहे, हे खरे. पण शाळेच्या कार्यालयातून शिपायाकडे, शिपायाकडून मेसमध्ये बातमी पोहोचते, तिला कलम कसे अडवणार? शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांच्या मानसिक छळाला मनाई केली आहे. वसतिगृहात ‘नशेडी’ म्हणून हाक मारली जाणे हा तोच छळ आहे.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या एका प्रकरणात वेगळी वाट दाखवली. अल्पवयीन मुलगी डॉक्टरकडे आली, तर तिने आणि पालकाने विनंती केल्यास पोलिसांना कळवताना तिचे नाव देण्याची सक्ती डॉक्टरवर नाही, असे न्यायालयाने म्हटले. नाव फुटेल या भीतीने मुली डॉक्टरकडे जायचे टाळतील, हा त्यामागचा विचार. नशेत अडकलेल्या मुलाला हाच विचार तंतोतंत लागू होतो. लखनौत किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा मानसोपचार विभाग आहे. मूल तिथपर्यंत पोहोचायचे असेल, तर शाळेत ज्याला ते सांगेल, त्याने ते कोणाच्या कानावर घालायचे नाही, हे आधी ठरायला हवे. मुलाची लक्षणे दिसली, त्रास दिसला, तर डॉक्टरने वैद्यकीय कारणासाठी तपासणी जरूर करावी. कागद डॉक्टर, मूल आणि पालक यांच्यातच राहावा.

आणि उत्तेजकांच्या प्रकरणात चौकशी मुलापाशी थांबू नये. संरक्षित व्यक्ती दोषी आढळली, की तिच्या प्रशिक्षकांची आणि इतर साहाय्यकांची चौकशी आपोआप सुरू व्हावी, असे जागतिक नियम सांगतात. कायद्यात मात्र फट आहे. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तेराव्या वर्षी मुलाच्या दंडात स्टेरॉइड टोचणाऱ्याला त्या कलमाच्या शब्दांत पकडणे अवघड आहे, आणि २०२२ च्या उत्तेजकविरोधी कायद्यात तुरुंगवासाची तरतूदच नाही. ७७ व्या कलमात उत्तेजकांची भर घालणे संसदेच्या हातात आहे. तोपर्यंत क्रीडा वसतिगृहात मुलांना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक गोळीची, पावडरची आणि इंजेक्शनची नोंदवही डॉक्टरच्या सहीने ठेवायला लावणे, आणि ती वही प्रशिक्षकाकडून तपासणीसाठी अवचित मागवणे, हे उत्तर प्रदेश सरकारला एका आदेशाने करता येईल.